चालत जाण्याच्या अंतरावर

संध्याकाळी पाचच्या सुमारास केळेवाडीच्या तोंडाशी एक टेम्पो येऊन उभा राहतो. ताडपत्री सोडली की आतून फ्लॅट निघतात, लेव्हल्स निघतात, खिडकीची एक चौकट, दोन खुर्च्या, एक जुना देव्हारा. सहा-सात मुलंमुली ते सामान खांद्यावर घेऊन साहित्य संघ मंदिराच्या रंगमंचाकडे पळतात. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू आहे. कुणी बँकेतून अर्धी रजा टाकून आलंय, कुणी कॉलेजातून थेट. दिलेल्या वेळात नेपथ्य लागलं पाहिजे, दिवे तपासले पाहिजेत, मेकअप झाला पाहिजे. वाडीतून येणारी-जाणारी माणसं बाजूला होत त्यांना वाट देतात. इथल्या लोकांना या धावपळीची सवय आहे.

तिसरी घंटा होते तेव्हा नाट्यगृहात मोजकीच माणसं असतात. मधल्या रांगेत कागद-पेन घेतलेले परीक्षक. त्यांच्या मागे कलाकारांचे आईवडील, मित्र, ऑफिसातले सहकारी. आणि कडेच्या खुर्च्यांवर काही म्हातारी माणसं, जी या नाटकातल्या कुणालाच ओळखत नाहीत. ती आजूबाजूच्या वाड्यांमधून आली आहेत, घरातल्या कपड्यांत, पायात चपला अडकवून. मध्यंतरात त्यांच्यातल्या एका काकांशी बोललो. ते शाळकरी वयापासून इथे नाटकं पाहतात. आवडलं नाही तर पहिल्या अंकानंतर उठून घरी जातात, जेवतात, आणि वाटलं तर तिसऱ्या अंकाला परत येतात. घर चार मिनिटांवर आहे.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो राज्याच्या राजधानीच्या ऐन मध्यावर राहण्याचा आणि तिथल्या कलास्थळांचा. मुंबईत हा विषय घेऊन गिरगावातच जावं असं मला वाटलं, कारण कलास्थळं आणि राहती घरं एकाच गल्लीत सापडतात असा एवढा दाट मराठी भाग शहरात दुसरा नाही. फिरत गेलो तसतसा माझा कल पक्का होत गेला, की गिरगावचं नाटक-गाणं ज्यामुळे उभं राहिलं ती गोष्ट म्हणजे पायी येणारा प्रेक्षक. त्या काकांची चार मिनिटं हीच इथली खरी सांस्कृतिक संपत्ती आहे. ती राहणार की जाणार, हे घरांच्या प्रश्नावर ठरणार आहे.

दहा बाय बाराची खोली

जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून चालताना दोन दुकानांच्या मध्ये एक बोळ दिसतो. आत शिरलं की रस्त्याचा आवाज एकदम कमी होतो आणि वाडी सुरू होते. केळेवाडी, फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, जांभूळवाडी. ही बागायत होती तेव्हाची नावं तशीच राहिली, झाडांच्या जागी चाळी आल्या. नाटककार विजय तेंडुलकरांचं लहानपण कांदेवाडीत गेलं.

चाळीची रचना साधी. तीन-चार मजले, सागवानी खांब, प्रत्येक मजल्याला लांब गॅलरी, गॅलरीत ओळीने दारं. दारामागे दहा बाय बाराची खोली, तिच्या कोपऱ्यात मोरी, खोलीमागे अंधारं स्वयंपाकघर. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. पाणी पहाटे यायचं, म्हणून प्रत्येक दाराशी पिंप. एका खोलीत सात-आठ माणसं. अशा घरात माणूस दिवसभर बसू शकत नाही. पुरुष रात्री गॅलरीत पथारी टाकत, मुलं जिन्यात अभ्यास करत, बायका धान्य निवडायला चौकात येत. घराचा उरलेला भाग बाहेर होता: वाचनालय, देऊळ, आखाडा, नाट्यगृह, चौपाटी.

गिरगावात इतक्या संस्था इतक्या जवळजवळ का उगवल्या, याचं उत्तर मला या खोलीत दिसतं. प्रार्थना समाज १८६७मध्ये स्थापन झाला, त्याचं मंदिर गिरगावातच बांधलं गेलं. आर्य समाजाची पहिली स्थापना १८७५मध्ये गिरगावात झाली. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ इथल्याच कॉरोनेशन सिनेमात लागला आणि १४ मार्च १९३१ला ‘आलम आरा’ मॅजेस्टिकमध्ये. मॅजेस्टिकच्या जागी आज शॉपिंग सेंटर आहे. सभा असो की सिनेमा, माणसं जमवायला इथे कधीच लांब जावं लागलं नाही. ती गॅलरीत उभीच होती.

खोलीचं कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. पावसाळ्यात गळणारं छत, सार्वजनिक संडासासमोरची रांग, बाळंतिणीला आडोसा नाही, नवं लग्न झालेल्या जोडप्याला जागा नाही, हे सगळं त्याच खोलीत होतं. त्याची सर्वांत मोठी झळ बायकांना बसली. आजही ज्या आज्या गॅलरीत बसून मजेत गप्पा मारतात, त्या पाणी भरण्याच्या दिवसांबद्दल विचारलं की हात झटकतात.

रस्त्यावरची मैफल

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरमध्ये १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८मध्ये ते मुंबईला आणलं. सँडहर्स्ट रोडवर त्यांनी स्वतःची वास्तू बांधली, पुढे कर्जापायी ती हातची गेली. त्यांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली ऑपेरा हाउसजवळ ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ सुरू केलं. १९३६च्या सुमारास त्या शाळेत एक लहान मुलगा शिकायला आला, शिवपुत्र कोमकली. जग त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखतं. देवधर मास्तरांच्या शाळेत वेगवेगळ्या घराण्यांचे गवई येऊन बसत, गात, वाद घालत. अल्लादिया खाँसाहेबांनी अखेरची वर्षं मुंबईत काढली, १९४६ साली ते इथेच वारले. त्यांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर गिरगावात राहून शिकवत होत्या. त्यांची मुलगी किशोरी याच गल्ल्यांमध्ये वाढली.

गोव्याहून आलेल्या कलावंत बाई, कोकणातून आलेला कारकून, पंजाब आणि उत्तरेकडचे उस्ताद, गुजराती आणि भाटिया शेठजी हे सगळे एका मैलाच्या आत राहत होते. ख्यालगायन दरबारातून बाहेर पडलं तेव्हा त्याला नवा आश्रय हवा होता. तो मुंबईत दोन प्रकारांनी मिळाला. शेठजींच्या दिवाणखान्यात पैसा मिळाला, आणि गणेशोत्सवात कान मिळाले. माझ्या मते दुसरा आश्रय जास्त मोलाचा. उत्सवाच्या दिवसांत वाडीच्या चौकात मंडप घातला जाई, रात्री जेवणं उरकून गाणं सुरू होई आणि ते पहाटेपर्यंत चाले. खाली सतरंजीवर बसलेले लोक होतेच, शिवाय तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या. मूल मांडीवर झोपलेलं, आई कठड्याला टेकून मालकंस ऐकतेय. तिला कुणी तिकीट विचारलं नाही, तिला घर सोडूनही जावं लागलं नाही. चांगलं गाणं कोणतं आणि वरवरचं कोणतं, हे कळणारा श्रोता अशा रात्रींमधून तयार झाला.

खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळीत हा धागा अजून हाताला लागतो. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे १८९३ साली बसला आणि १९०१मध्ये लोकमान्य टिळक इथे येऊन गेले. शहरभर मूर्तींची उंची वाढत गेली, पण इथे लहान मूर्तीच येते, पालखीतून येते आणि पालखीतूनच जाते. चौक एवढा आहे की एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. आवाजाच्या भिंती लावायची इथे गरजच पडत नाही.

बंद पडलेलं आणि पुन्हा उघडलेलं

फ्रेंच ब्रिजच्या दिशेने चालत गेलं की रॉयल ऑपेरा हाउस दिसतं. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी उभारलेल्या या वास्तूचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झालं. तेव्हा बांधकाम पूर्णही झालं नव्हतं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर हे सगळे या रंगमंचावर उभे राहिले. मग चित्रपट आले, १९५२मध्ये गोंडलच्या महाराजांनी वास्तू विकत घेतली आणि १९९३ला ती बंद पडली. पुढची दोन दशकं आम्ही सगळे बसच्या खिडकीतून तो काळवंडत जाणारा दर्शनी भाग पाहत होतो. पुढे वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला आणि ऑक्टोबर २०१६मध्ये दारं उघडली. पुढच्या वर्षी युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कारही मिळाला.

आत गेलं की डोळे दिपतात. सोनेरी नक्षी, झुंबरं, घुमटाच्या आतल्या बाजूला नाटककारांची चित्रं, दोन्ही अंगांना वरपर्यंत चढत गेलेले बॉक्स. रंगाचे थर खरवडून मूळ रंग शोधून काढण्यासाठी लागलेली चिकाटी प्रत्येक कोपऱ्यात जाणवते. हे काम झालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रयोग संपल्यावर दारात थांबून पाहिलं. माणसं बाहेर पडत होती आणि गाड्यांची वाट पाहत होती. समोरच्या गल्लीकडे वळणारे फार थोडे. वास्तू परत आली, तिच्या भोवतीचा प्रेक्षक मधल्या काळात पांगला होता.

मराठी व्यावसायिक नाटकाने तर स्वतःच पत्ता बदलला. साहित्य संघाचं डॉ. भालेराव नाट्यगृह १९६४ साली उभं राहिलं. दुसऱ्याच वर्षी दादरला शिवाजी मंदिर झालं, १९७८ला ठाण्यात गडकरी रंगायतन, पुढे पार्ले, बोरिवली, मुलुंड, डोंबिवली. नाटक प्रेक्षकाच्या मागे गेलं, ते योग्यच केलं. गिरगावातून उठलेली कुटुंबं ज्या क्रमाने उत्तरेला सरकली, जवळपास त्याच क्रमाने नाट्यगृहं सरकली.

दक्षिण मुंबईतला काळा घोडा परिसर हे या सगळ्याचं दुसरं टोक. १९५२ साली उघडलेलं जहांगीर कलादालन, १९२२पासूनचं वस्तुसंग्रहालय, आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन, डेव्हिड ससून वाचनालय एकाच चौकाभोवती आहेत. मुंबईत चित्र पाहायचं तर याहून चांगली जागा नाही. मात्र संध्याकाळी कार्यालयं सुटली की तिथे वस्ती अशी जवळजवळ उरत नाही. रविवारी दुपारी जहांगीरमध्ये मुलाला घेऊन आलेला बाप बहुधा उपनगरातून आलेला असतो, आणि त्याची एक नजर घड्याळावर असते.

पागडी

मग गिरगावकर गेला का? याचं उत्तर द्यायचं तर पागडी समजून घ्यावी लागते.

भाडेकरूने जागा घेताना मालकाला एक मोठी रक्कम द्यायची, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या अगदी थोड्या भाड्यात राहायचं, ही पागडी. जागा त्याच्या मालकीची नसते, पण तो ती दुसऱ्याला देऊ शकतो. तेव्हा नव्याने आलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा मालकाला जातो. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या आणि फाळणीनंतरच्या मुंबईत ते आवश्यकच होतं, नाहीतर कारकून आणि गिरणी कामगार या शहरात टिकलेच नसते. गिरगावचा पायी येणारा प्रेक्षक त्या कायद्याने राखला, हे मान्य केलं पाहिजे. पण भाडं इतकं कमी राहिलं की मालकाने दुरुस्तीवरचा हात काढून घेतला. खांब कुजले, गॅलऱ्या झुकल्या. १९६९मध्ये सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमलं. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांवर होत्या. हे मंडळ आता म्हाडाचा भाग आहे. १९९९च्या नव्या कायद्याने भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करता येऊ लागली. मूळ रक्कमच एवढी लहान, की त्या चार टक्क्यांत कौलंही बदलता येत नाहीत.

फणसवाडीकडच्या एका चाळीत मी अशी गॅलरी पाहिली. खालच्या मजल्यावर लाकडी टेकू उभे केलेले, वर लोखंडी तुळई आडवी घातलेली, तिच्यावर गंजाचा लाल पापुद्रा. टेकूला कुणीतरी दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. एका दारावर आडनावाची पितळी पाटी घासून लख्ख ठेवलेली, शेजारच्या तीन दारांना कुलपं. कुलूपवाल्यांपैकी एक कुटुंब दहिसरला, एक डोंबिवलीला, तिसऱ्याचा मुलगा परदेशी. भाडं सगळे वेळेवर भरतात, कारण पुनर्विकास झाला की प्रत्येक खोलीला नवं घर मिळणार आहे. गणपतीत ही कुलपं उघडतात. पाच दिवस चाळ भरते, मग पुन्हा तीन दारं बंद.

पुनर्विकासाच्या नियमात उपकरप्राप्त इमारतीतल्या निवासी भाडेकरूला किमान तीनशे चौरस फुटांचं घर मिळतं, तेही मालकीचं. घरातच संडास, चोवीस तास नाही तरी पुरेसं पाणी, लिफ्ट. जिना चढता येत नाही म्हणून महिनोन्‌महिने खाली न उतरलेल्या आजींसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! ज्यांनी या खोल्यांत आयुष्य काढलं त्यांना चाळ जपा म्हणून सांगण्याचा अधिकार बाहेरून पाहायला येणाऱ्यांना नाही. अडचण वेगळीच आहे. बिल्डर घर रिकामं करायला सांगतो, भाडं देतो, कुटुंब लांब उपनगरात जातं. मग परवानगी अडकते, भाडं थांबतं, वर्षं जातात. मुलांची शाळा तिकडे, नोकरी तिकडे. टॉवर झाला तरी सगळी कुटुंबं परत येत नाहीत. परत आलेलेही मासिक देखभालीचा आकडा पाहून घर विकायचा विचार करू लागतात.

खोताची वाडी

याच भागात एक वस्ती चाळींहून वेगळी आहे. खोताच्या वाडीत ठेंगणी, दोन मजली, लाकडी घरं आहेत. बाहेरून चढणारा जिना, पुढे ओटा, वर नक्षीदार कठड्याचा सज्जा. पूर्वी इथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि पाठारे प्रभू कुटुंबांची मिळून साठ-पासष्ट घरं होती. आज ती तिसाच्या आत आली आहेत. अनंताश्रमची खानावळ चालू होती तेव्हा माशाच्या जेवणासाठी गिरगावभरातून माणसं इथे रांग लावायची.

आता रांग कॅमेऱ्यांची असते. वाडी सुंदर आहे, पाहायला यावंसं वाटतं हे खरं. पण कुणाच्या ओट्यावर चढून, कुणाच्या खिडकीला टेकून फोटो काढणारे पाहिले की घरातल्यांचा त्रास कळतो. लाकडी घराचा खर्च घरमालक एकटा करतो. वाळवी, पावसात फुगणारी दारं, हे काम जाणणारे सुतार कमी होत चाललेले. शेजारी टॉवर उठला की ऊन जातं आणि लाकूड ओलं राहतं. एका घराचा निर्णय इथे चार घरांना भोगावा लागतो.

भुयारातून

ऑक्टोबर २०२५मध्ये आरे ते कफ परेड अशी साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण धावू लागली. सत्तावीस स्थानकांत गिरगाव आहे, काळबादेवी आहे. या दोन स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडल्या गेल्या, शेकडो कुटुंबांना जागा सोडावी लागली. त्यांनी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, मोर्चे काढले आणि ‘याच जागी घर’ हे आश्वासन पदरात पाडून घेतलं. त्या आंदोलनात गिरगावकरांनी मागितलं ते चालत जाण्याचं अंतरच होतं. भरपाईचा मोठा आकडा त्यांना दुसरीकडे घर देऊ शकला असता, पण दूध, देऊळ, डॉक्टर आणि शेजार एकत्र देऊ शकला नसता.

मेट्रोने काय दिलं तेही पाहिलं पाहिजे. गिरगावहून हुतात्मा चौक तिसरं स्थानक, तिथून जहांगीर पाच-सात मिनिटं. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना चित्रप्रदर्शन पुन्हा आवाक्यात आलं. सरकते जिने, थंडगार डबा, धक्काबुक्की नाही. उपनगरात गेलेला जुना गिरगावकर साहित्य संघात नाटकाला येऊन रात्री परत जाऊ शकतो. संघाने, ऑपेरा हाउसने आणि परिसरातल्या सभागृहांनी प्रयोगांच्या वेळा शेवटच्या गाडीशी जुळवून घेतल्या तर दुरावलेला बराच प्रेक्षक परत मिळेल. हे करायला कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.

मंडप कुठे?

एका वाडीतल्या पुनर्विकासाच्या बैठकीला मला बसू दिलं. कॅरम बोर्डवर नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर चहाचे कप. वास्तुविशारद तरुण होता, समजावून सांगण्याची हातोटी चांगली. तळमजल्यावर प्रवेशकक्ष, मीटर रूम, गाड्या वर नेणारा रॅम्प. त्यावर पार्किंगचे मजले, त्यावर पोडियम, पोडियमवर बाग आणि सभागृह. मग घरं.

“गणपती कुठे बसायचा?” एका आजींनी विचारलं.

पोडियमवर, तो म्हणाला. पाऊस लागणार नाही, जागाही आताच्या चौकापेक्षा मोठी.

“आणि पलीकडच्या वाडीतली माणसं?”

लिफ्टने येतील. सुरक्षारक्षकाकडे नोंद करायची.

यावर एकदम गलका झाला. आरतीला येणारा माणूस वहीत नाव लिहून येणार का, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने सुरक्षेची बाजू मांडली, तीही खोटी नव्हती. एका सूनबाईंना गाण्याच्या कार्यक्रमाची चिंता होती. रस्त्यावरून जाता जाता थांबणारा श्रोता पोडियमवर कसा पोचणार, हा त्यांचा मुद्दा. रॅम्पची जागा हलवली तर दोन गाड्यांची जागा जाते, असं वास्तुविशारदाने मोजून दाखवलं. मग गाड्या किती घरांकडे आहेत याची मोजणी तिथेच सुरू झाली, आणि ती फार निघाली नाहीत.

शेवटी मागणी कागदावर उतरली. दारापासून आत, तळमजल्याच्या पातळीवर, वीस फूट बाय तीस फूट जागा उघडी ठेवायची. वर छत चालेल, फाटक नको. करारात ती जागा मोजमापासह नमूद करायची. योजनेला निम्म्याहून अधिक भाडेकरूंची संमती लागते, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सुधारित नकाशात ती जागा दिसल्याशिवाय संमतीपत्रावर सही करायची नाही, असं पहिल्या दोन मजल्यांवरच्या सगळ्या घरांनी ठरवलं आहे, आणि तिसऱ्या मजल्याशी बोलणी चालू आहेत.